दोनवर उडी

आमच्या पिढीला नीट तीनपर्यंत मोजता येत नाही.
एक, दोन, आणि आम्ही हवेत.
ही त्याची शिकवण.
खंदक असो, जळता पूल असो,
तो तीन म्हणायचाच नाही.

बावीस वर्षांनी चौथा भाग आला.
माजिवड्याचा मॉल, रात्री साडेदहाचा खेळ.
इरफान चौगुले मुंब्र्याहून आला,
जुना टी-शर्ट पोटावर ताणून,
त्यावरचा कंदील आता भोपळ्याएवढा.
हेमांगी आईला गोळ्या देऊन आली.
पराग म्हात्रेनं मुलाला आणलं,
आधीचे तिन्ही भाग त्याच्याकडून
गृहपाठासारखे करून घेऊन.

आणि मी.
मी पाचपाखाडीत, तळमजल्यावर,
दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते.
म्हणून तो पडद्यावर आला तेव्हा
टाळ्या वाजवता वाजवता
माझं लक्ष त्याच्या डाव्या पायाकडे.
तळघराचा जिना उतरताना
आधी दुखरा पाय, मग चांगला.
आम्ही शिकवतो अगदी तसं.
म्हणजे त्यालाही कुणीतरी शिकवलं होतं.

मग तो बोलला, आणि इरफान खुर्चीत खचला.
हा आवाज त्याचा नाही!
हिंदीत त्याला बोलवणारा माणूस
मागेच वारला म्हणे.
त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.
त्याचा खर्ज मात्र पाठ होता,
कोपरीच्या थिएटरातल्या फाटक्या स्पीकरसकट.
तिथे आता बावीस मजले आहेत
आणि खाली सोफ्यांचं दुकान.

शेवटी कडा आला.
मागे मशाली, पुढे दरी, तेच संगीत.
अख्खं थिएटर त्याच्याबरोबर मोजायला लागलं.
एक.
दोन.
आम्ही सगळे पोटातून उडालो,
आणि तो तिथेच.
तीन, म्हणाला.
स्पष्ट. सावकाश.
उडी तिनं मारली, त्या नव्या मुलीनं,
आणि हा दगडाला टेकून बसला,
कमरेला दोर गुंडाळून.
कुणी शिट्टी वाजवली. कुणी शिवी दिली.
पुढच्या रांगेतला एक जण उठून गेला,
परत आला, सामोसा घेऊन.

दीड वाजता तलावपाळीच्या कठड्यावर
चार कुल्फ्या आणि एक खटला.
‘पैसे कमी पडत होते तर सांगायचं,’ इरफान म्हणाला,
‘ठाण्यातून वर्गणी काढली असती.
पण त्याला बसवायचा नाही!’
‘मला पहिल्यांदाच त्याची काळजी वाटली,’ हेमांगी म्हणाली,
‘आधी कधी वाटलीच नव्हती. मरणार नाही, माहीतच असायचं.’
तिचे डोळे अजून लाल.
पराग म्हणाला, मध्यंतरापर्यंत बरा होता,
आणि मग, नाही, मध्यंतरानंतर,
आणि मग कुल्फी गळतेय म्हणाला.

मुलगा म्हणाला, ‘ती भारी होती. उडी मारणारी.
नाव काय तिचं?’
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
तीन तास तिच्यासमोर बसलो होतो आम्ही.

मला विचारलं तेव्हा मी म्हटलं,
दोर बघितलात का?
तिचं सगळं वजन त्याच्या कमरेवर,
डावा पाय सरळ, टाच दगडाला रोवलेली.
उडी सोपी असते रे. तसं धरून बसणं,
त्या गुडघ्याला…
‘तुला सगळीकडे गुडघेच दिसतात,’ इरफान म्हणाला.
खरं आहे.
पण मला तो आवडला का, हे मी अजून ठरवलेलं नाही.
त्याचा तो नवा आवाज
कानात खड्यासारखा टोचतो.

मग इरफाननं स्कूटर काढली.
वडिलांची. बटण कधीचं बंद.
एक किक. दोन किक.
आम्ही सवयीनं श्वास रोखला.
तिसरीलाही लागली नाही.
चौथीला लागली.
मुलगा हसला. इरफान नाही हसला,
मांडी चोळत राहिला जरा वेळ.
मी म्हटलं, सोमवारी ये,
अकरा ते एक मोकळी असते मी.