एक यूई हाण

मॅटापॅनच्या चौकात, डिसेंबरच्या काळ्या पडलेल्या बर्फात
जेराल्डीन म्हणाली, "आता लुईला टांग."
मी करकचून ब्रेक दाबला.
मागच्या ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून
माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

लुई माझा धाकटा भाऊ.
जेरेमीच्या बंदरात होड्यांना डांबर फासतो.
दीड वर्ष झालं, फोन उचलत नाही.
मी विचारलं, "काय केलंय त्यानं?"

जेराल्डीन इतकी हसली
की डोनटची साखर तिच्या हातमोज्यांवर सांडली.
लुई म्हणजे डावं, पोरी. राल्फ म्हणजे उजवं.
कुणाला टांगायचं नाही, नुसतं वळायचं.

तेव्हापासून मी वही ठेवली,
गाडीच्या खणात, टिश्यूच्या पुड्याखाली.
यूई हाणायची: म्हणजे आल्या चाकांनी माघारी.
तिची बहीण ऑस्ट्रेलियात, ती म्हणे यूई फेकते.
मला फेकणंच बरं वाटलं,
हाणलेलं कुणाला तरी लागतं.

दहा सेंटच्या नाण्यावर गाडी वळवणं.
हे मी करून पाहिलं,
सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये, नाणं ठेवून.
अजून सापडलेलं नाही.

कोपरा वळला, म्हणजे दुखणं उताराला लागलं.
मी काम करते तिथले डॉक्टर
म्हाताऱ्या अब्रूझींबद्दल तसं म्हणाले
आणि मी रात्रपाळीभर त्यांच्या खाटेचे
चारही कोपरे बघत बसले.
गुरुवारी ते गेले.
वहीत त्या ओळीपुढे मी प्रश्नचिन्ह काढलंय.

एकशेऐंशी म्हणजे माणूस पार बदलला.
तीनशेसाठ झालो, असंही काही जण छाती फुगवून सांगतात
आणि होते तिथंच उभे असतात.
जेराल्डीनचा नवरा दारू सोडताना
दर वर्षी तीनशेसाठ व्हायचा.
हे सांगताना ती हसली नाही.

दर मंगळवारी आम्ही क्विन्सीपर्यंत जायचो,
समुद्र उजव्या हाताला, राल्फच्या बाजूला.
एक गल्ली. निळी टपालपेटी. बास्केटबॉलची गंजकी कडी.
तिथं आलो की तिची बडबड बंद.
घर मागं पडायच्या आत
काचेतून भलतीकडे बघत म्हणायची,
"चल, एक यूई हाण."
मी हाणायचे.
हाणून हाणून ते वळण मला इतकं पाठ झालं
की परीक्षेत तेवढंच बिनचूक आलं असतं.

चौथ्या मंगळवारी पायरीवर बाबागाडी होती.
पाचव्या मंगळवारी तिच्यावर पिवळं पांघरूण.
जेराल्डीनचे हात मांडीवर होते, पण पाय
तिच्या बाजूच्या जादा ब्रेकवर, घट्ट.
मी काही विचारलं नाही.
आमच्याकडेही माणसं तोंड फिरवतात,
त्याला डावं-उजवं नसतं.

काल नववा मंगळवार.
मी सवयीनं डावा दिवा लावला.
"यूई हाण," ती म्हणाली.
मी म्हणाले, "इंग्रजी कळत नाही."
या देशात आल्यापासून हे वाक्य
लाज न वाटता पहिल्यांदा बोलले.

"मिरलांद," ती म्हणाली. फक्त नाव.
मी गाडी कडेला घेतली,
फुटपाथपासून वीतभर अंतर, दोन्ही चाकं सरळ;
इतकी सुरेख लावली
की इतर दिवशी तिनं टाळी दिली असती.

खिडकीचा पडदा हलला, किंवा हिटरची हवा असेल आतली.
जेराल्डीननं पट्टा सोडला नाही.
बक्कलवरचा अंगठाही काढला नाही.
समुद्राकडून मिठाचा वारा येत होता.

डावा दिवा बंद करायचा मी विसरले.
टिक, टिक,
वळायचंय, वळायचंय, सांगत राहिला
तो लुईच्या बाजूचा दिवा
आणि आम्ही दोघी
रस्त्याच्या कडेला, इंजिन चालू ठेवून.