उपडं

गच्चीवर सुपात एकवीस लिंबं.
मिठाच्या पाण्यात एक उकळी दिली, मग ऊन दाखवलं.
आधी पिवळी, मग खाकी,
आता बिबव्यासारखी काळी.
हलवली की आत बिया वाजतात.

मल्लव्वा म्हणाली, "कुजलेली लिंबं काय राखूलासा?
कुणी तरी उतरून टाकलीत म्हणून
शेजारीण जिना चढंना झालीय."
म्हटलं, रश्श्यात घालतात. कुवेतात.
"घालूंदेत की तिथं."

अकरा वर्षं मी मेसमध्ये कांदे कापले.
चारशे माणसांचे कांदे.
डोळ्यांतलं पाणी कशाचं, हे विचारायची सोय नव्हती,
तेवढं एक बरं होतं त्या कामात.

आचारी अबू निझार. दरआचा. भुवया पिठात बुडवून काढल्यासारख्या.
पहिल्या दिवशी त्यानं गाव विचारलं.
माझं अरबी दोन दिवसांचं.
येळ्ळूर सांगून काय कळणार, बेळगाव तरी काय.
म्हटलं, हद्द.
त्याची पळी थांबली.
हद्द?
हद्द.
त्यानं स्वतःच्या छातीवर बोट टेकलं : मीपण.
मग बराच वेळ नुसता कांदा परतत राहिला.

शुक्रवारी सगळ्यांचं आटपलं की
तो आम्हा पाचजणांपुरता मकलूबा लावायचा.
मकलूबा म्हणजे उपडं. नावातच सगळी रीत.
तळाला तळलेली वांगी, त्यावर कोंबडी, त्यावर तांदूळ,
आणि शेवटी अख्खं पातेलं तबकात पालथं.
तबक म्हणाला, आणि मी हसलो.
आमच्यातपण तबकच म्हणतात, त्यात विडे असतात.
त्या रात्री बंकवर पडून मोजत बसलो
घरातले कुठकुठले शब्द इथून आलेत :
मालक, हिशोब, हुकूम,
जिल्हा, तालुका.
ज्यावरून आमच्याकडं बंद पाळतात
ते शब्दपण.

आज रविवार. तांदूळ शेतातला, बासमती, गेल्या सुगीचा.
वांगी खानापूरच्या बाजारातली, जाड सालीची.
मसाल्यातलं एक नाव काही सांगता येईना.
खडे बाजारात मलगौडानं बरणीमागून बरणी नाकाशी धरली.
मी कानडीत नको म्हणालो, मराठीत नको म्हणालो,
सातव्या बरणीला अरबीत हो म्हणालो.
"कबाबचिनी," तो म्हणाला. "एवढंच व्हय?"

पातेलं उतरवलं.
लगेच उलटायचं नाही.
अबू निझार तळावर पळीनं टकटक करायचा
आणि म्हणायचा, सब्र.
आमची आई म्हणायची, सबूर.
चुलीपाशीच म्हणायची, हात मागं ओढून.

दहा मिनिटं.
मेव्हणा मुद्दाम थांबलेला, लेक मोबाईल रोखून,
मल्लव्वा दारात, पदर तोंडाला.
बिसमिल्ला म्हणावं की जय जोतिबा, ह्यात अर्धा क्षण गेला.
उलटलं.
टकटक. टकटक.
उचललं तर
निम्मा डोंगर तबकात उभा,
निम्मा पातेल्यालाच धरून बसलेला.
वांगी तर एकसुद्धा हलली नाहीत.

"ह्येच्यासाठी अकरा वर्षं?" मेव्हणा.
कोण हसलं आधी ते आठवत नाही.
जेवले मात्र सगळे. दोनदा वाढून घेतलं.
नंतर, भांडी घासायच्या आधी,
मल्लव्वा पाठमोरी उभ्यानंच
उलथन्यानं तळाची खरवड काढून खात होती.
मी पाण्याला गेलो तसं म्हणाली,
"वांगं पुरतं खाली राहिलं, म्हणून गोड झालंय."

लेकीनं काढलेला फोटो अबू निझारच्या नंबरवर पाठवला.
एकच टिक.
मागचा ईदचा मुबारकपण तिथंच थांबलाय, एका टिकेवर.

बुधवारी आमटीला काहीतरी निराळा वास.
आंबट, धुरकट, आमसुलाचा नव्हे.
कुणी काही बोललं नाही. मी वाटी पुढं केली.
जेवण झाल्यावर गच्चीवर जाऊन सूप बघितलं.

वीस.