मवाळ

मोनाप्पामामांच्या खोलीत पंखा लावत नाहीत.
तराजूला वारा चालत नाही.
बाहेर उद्यमबागेत भट्ट्या उतरलेल्या,
लेथांचा शनिवार अर्धा,
आणि मामा चष्मा कपाळावर सरकवून
दारूचा शेवटचा कण बोटानं थोपटून पाडतात,
कंजूष वाण्यानं केशर जोखावं तसा.
"दणका कशाला पाहिजे गे?
समोर वाघ हाय काय?
कागद तर हाय."

माझ्या उजव्या मनगटात जुनी कळ आहे.
सोसायटीच्या बँकेत सव्वीस वर्षं नोटा मोजल्या,
तिथूनच आली असणार.
विकतची गोळी झाडली की ती कोपरापर्यंत चढते,
आणि पुढच्या गोळीच्या आधीच डोळा मिटतो.
मामा पलटणीत आर्मरर होते.
पाठीमागं उभं राहून त्यांनी ते पाहिलं,
बोलले काही नाहीत.
पुढच्या आठवड्यात साबणाच्या डबीतून पन्नास काडतुसं आली.
पिस्तूल हातात नुसतं खाकरलं,
पाहुण्यांसमोर सासऱ्यानं खाकरावं, तेवढंच.

शिसं शहापूरच्या छापखान्यातलं.
डोंगरे वारले, मुलगा पुण्यात,
खिळे किलोवर निघाले.
त्यांनी लग्नपत्रिका छापल्या होत्या, दहाव्याच्या चिठ्ठ्या,
मोर्च्याची पत्रकं,
आणि त्या मोर्च्याविरुद्धच्या मोर्च्याचीही,
बिल वेगळं, शाई तीच.
मराठी एका पोत्यात होती, कानडी दुसऱ्यात.
टेम्पोवाल्यानं दोन्ही एकाच पिंपात ओतली
आणि पावती मागितली.

"नुसतं शिसं मऊ, नखानं ओरखडतंय.
खरं अक्षराचं शिसं कडक."
कढईत आधी काने गेले, मग वेलांट्या,
मग कानडीच्या डोक्यावरची ती आखूड शेपटी,
मग ओळखू येईल असं काहीच नाही,
वर राखेची साय.
मी दाराबाहेर, तोंडाला ओढणी.

दोन खिळे त्यांनी चिमट्यानं बाजूला घेतले.
"वाच बघू."
अक्षर उलटं. मी मान वाकडी केली.
एक ळ. आणि दुसराही ळ, कानडीतला.
"इंग्रजाला दोन्ही म्हणाय आले नाहीत,"
मामा म्हणाले,
"गावाचं नावच वाकडं करून गेला."
दोन्ही खिशात टाकले.
बाकीचं साच्यात.

मंडोळीच्या माळावर मॅच.
शेजारच्या लेनमध्ये गोकाकची फौजदारीण, शिवलीला मठपती.
माझी पहिली गोळी गेली तशी तिनं कानावरचं एक टोपण उचललं.
"सप्पळन इल्लल्री!"
आवाजच नाही म्हणते.
मी मनगट दाखवलं.
तिनं आपला अंगठा दाखवला, त्याला पट्टी.
दोघी पुन्हा पुढं वळलो.

सपाट तोंडाची गोळी कागद फाडत नाही,
कापते.
बँकेतल्या पंचानं व्हाउचरला पडतं तसं भोक,
कडा शाबूत, वाद नाही.
दहा, नऊ, नऊ, आठ,
आणि एक सहा.
सहा माझी. काडतुसाचा दोष नाही.
तिसरी आले. शिवलीला पहिली, पट्टीसकट.

उन्हं कलल्यावर मामा बांधाची माती चाळायला बसले.
गोळ्या चाळणीत राहतात, चपटलेल्या,
जत्रेनंतरच्या बत्ताशांसारख्या.
परत कढई, परत साचा, परत कागद.
आयुष्यभर कागदावरच आपटत आलेलं शिसं ते,
त्याला यात नवीन काय?
"हात धू," मामा म्हणाले. "दोनदा.
नखात ऱ्हातंय, भाकरीबरोबर पोटात जातंय."
दोनदा धुतले.
तिसऱ्यांदा धुवायला टाकीत पाणी नव्हतं.

सोमवारी मामींना धुण्यात
शर्टाच्या खिशातून दोन खिळे मिळाले.
त्यांनी ते पुसले,
खिडकीत, सुटे पैसे ठेवतात तिथं ठेवले,
आणि कॉलर घासायला घेतली.