अडीच हजाराचा कान

तीस वर्षं कादराबादेत जळालेल्या मोटारी भरतोय.
मोटार उघडायच्या आधीच सांगतो,
बेअरिंग गेलंय, की वाइंडिंग,
की नुसता पंखाच घासतोय झाकणाला.
मीटर नंतर. आधी पेचकस तिच्या अंगावर टेकवायचा,
मूठ कानामागच्या हाडाला.
मोटार बोलते.

कृत्तिका म्हणली, पप्पा, हे सगळं रेकॉर्ड करून ठेवू,
पॉडकास्ट म्हणतात त्याला.
कोण ऐकणार, म्हणलं.
म्हणली, ज्याची बिघडली तो.

मग माईक आला. म्हणजे माईकचा खर्च आला.
अडीच हजार, वर एक रुपया नाही.
तांब्याचा भाव काय झालाय ते मला विचारा.

मोईजभाईनं काउंटरवर तीन मांडले.
एक कॉलरचा, बटणाएवढा, सहाशेचा;
शर्टाची घडी मोडली तरी ऐकतो, म्हणे.
दुसरा चंदेरी जाळीचा, कंडेन्सर,
सोबत स्टँड, स्पंज,
आणि खोक्यावर डोळे मिटून गाणारा कुणी गोरा माणूस.
तिसरा काळा, जड, डायनॅमिक,
लग्नात बँडवाले धरतात तसला.
खोकं चेपलेलं.

याच्यात काय असतं, मी विचारलं.
काही नाही हो, कॉइल आणि चुंबक.
मला हसू आलं.
आमची मोटार वीज खाऊन हलते,
हा हलला की वीज देतो, एवढाच फरक.

तरी तिघांत बोलून बघितलं, हेडफोन घालून.
काळ्यात माझा आवाज पोत्यातून आल्यासारखा.
चंदेरी मात्र कसा, नव्या तारेवरच्या वार्निशसारखा लखलखीत.
कानावर भरवसा माझा. चंदेरी घेतला.

घरी भिंतीला खिळे ठोकून गोधड्या टांगल्या,
साड्यांचं कपाट उघडं ठेवलं,
पंखा बंद. मे महिना.
आणि त्या माईकनं काय काय ऐकलं!
शेजारच्यांचा कूलर, मोरीतलं ठिबकणं,
वसाहतीतल्या रोलिंग मिलची रात्रपाळी,
कुणाची तरी फोडणी.
इतकं मोठं मन परवडत नाही भाड्याच्या खोलीत.

पण कृत्तिका दुसरंच म्हणत होती.
पप्पा, यात शिट्टी आहे.
कुठं?
बारीक. पहिल्यापासून आहे की.
तिनं स्क्रीनवर दाखवली,
वरच्या अंगाला एक सरळ हिरवी रेघ,
बॉबिनवरून सुटलेल्या तारेसारखी.
तीनदा लावली.
तीनदा मी रेघ बघितली.

मग उठलो. डब्यातून सकाळचं बेअरिंग काढलं,
चांगलं म्हणून बाजूला ठेवलेलं.
बोटावर फिरवलं तिच्या कानाजवळ.
हे?
ती जरा थांबली.
हे पण, पप्पा.

त्या रात्री किती मोटारी आठवल्या.
गॅरंटी, असं पावतीवर लिहून दिलेल्या.

मोईजभाईनं काऊन म्हणून विचारलं नाही.
चंदेरी घेतला, काळा दिला,
वायर आणि ती छोटी डबी धरून चोवीसशे.
उरलेल्या शंभराची भजी घरी आणली,
गार झाली, कुणी खाल्ली नाही.

आता रविवारी बसतो आम्ही.
हेडफोन तिच्या कानावर.
मी माईकपासून वीतभर लांब बेअरिंग फिरवतो,
ती तोंडानं काढून दाखवते,
ईईई, आणि मधेच कट्, पुन्हा ईईई.
पिंजरा तुटलाय, मी सांगतो.
ती लिहून घेते.
कधीकधी तिला कळू न देता
पेचकस हाडाला लावतो. घुमणं आहे अजून,
खालचं, जाड, ओळखीचं.

पहिला भाग सहा मिनिटांचा झाला.
मधेच तिनं हात वर केला,
पप्पा, जवळ या जरा,
लांबचं नाही येत याला ऐकू.
म्हणलं, येतो.
खुर्ची ओढली.
तेही रेकॉर्ड झालं.