तेरावी

खलफाननं कापड सोडलं. आत आजोबाची बंदूक,
दोन नळ्यांची,
दुपट्यात गुंडाळलेल्या पोरासारखी उचललेली.
शेजारी पोलिसांच्या शिक्क्याचा कागद
आणि एक जुनी गोळी, हिरवट पडलेली.
“उस्ता, अशा बारा. पण अशा नकोत.”

उम्म अल क्वैनच्या आमच्या शेडमध्ये
पंपांचे शाफ्ट येतात, होड्यांचे पंखे,
खाऱ्या पाण्यानं कुरतडलेलं काहीबाही.
गोळी पहिल्यांदाच आली.
कुन्हालीशेठनं कागद दोनदा वाचला,
चष्मा पुसून तिसऱ्यांदा,
मग लेथकडे बोट केलं. म्हणजे माझ्याकडे.

खलफान सांगत होता, अर्धं हिंदीत, अर्धं हातांनी:
हरणाला मऊ गोळी. आत जाते, फुलते, काम संपतं.
आफ्रिकेतल्या रानरेड्याला फुललेली चालत नाही.
त्याच्या कपाळावर शिंगांची ढाल,
खांद्याचं हाड म्हणजे दगडी उंबरा.
तिथं गोळी चेपली, वाकली, वाट चुकली
की तो वळतो.
“मग,” खलफाननं बोटं मिटली,
“तू आणि तो.”

“तुमच्याकडे आहे असं जनावर?”
आहे, म्हटलं. गवा. दाजीपूरच्या रानातून
पहाटे उसात उतरतो.
“कशानं मारता?”
मारत नाही. डबा वाजवतो.
खलफान हसता हसता ठसकला.
सिदूमामाचं मी बोललोच नाही.
वनखात्यातला रोजंदारीवरचा पहारेकरी,
हातात काठी, तीही गुरं वळायची.
एकदा समोरासमोर आला तेव्हा
जांभळीला चिकटून उभा राहिला मामा,
गवा जाईपर्यंत.
नंतर म्हणाला, त्याच्या श्वासाला
नुकत्याच तोडलेल्या उसाचा वास होता.

पितळेचा दांडा चकमध्ये धरला.
पितळ शिशापेक्षा हलकं,
तेवढंच वजन हवं तर गोळी लांब होते,
लांब झाली की काडतुसात पोटाशी येते.
आणि नळी जुनी. म्हाताऱ्या हाडात
नवं काही दामटून घालू नये,
हे मला कुणी शिकवायला नको.
म्हणून लांबी थोडी मारली, वजन सोडलं,
अंगावर चार खाचा पाडल्या,
नळीला घासायला कमी लागावं म्हणून.
टोक मी काढलं होतं सुईसारखं, हौसेनं.
त्यानं नाक दाबून दाखवलं: चपटं कर.
अणकुचीदार आत गेली की कोलांट्या खाते,
चपटी धरलेली वाट सोडत नाही.
माणसांचं काय, मी विचारलं नाही.

तीन रात्री. पिवळा कीस चपलांत, केसांत,
डाळभातातसुद्धा.
बारा जमल्या. तेरावी दोन थाऊ कमी भरली.
खलफाननं ती नखावर फिरवली, परत दिली.
“दोन थाऊ म्हणजे एक माणूस, उस्ता.”

तो गेला, दोन महिन्यांनी आला.
डबी उघडून टेबलावर ठेवली.
अकरा.
बाराव्याबद्दल मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
चहा घेताना डावा हात खिशातच होता.
“डबा,” तो अचानक म्हणाला,
“कसला असतो? तेलाचा?”
हो, म्हटलं. पंधरा किलोचा. रिकामा.

तेरावी गुल जमाननं मागून घेतली,
खोलीतला आमचा गवंडी, स्वातचा.
बुडाला भोक पाडून दोरी ओवून दिली.
आता ती अजमानच्या एका इमारतीत,
नवव्या मजल्यावर ओळंबा म्हणून लोंबते.
परवा त्यानं व्हिडिओ पाठवला:
कच्ची भिंत, आणि भिंतीसमोर ती,
थोडी हलणारी.
थांबेना म्हणून मी फोन लावला.
तो म्हणाला, वारा आहे, भाई. समुद्राकडचा.