छत्तीस सेकंद

फ्राय बेन्तोसला, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दोन्या नेलिदांकडे मी बॉक्स बसवायला गेलो
तेव्हा त्यांनी आधी खुर्ची दिली,
मग येर्बाचा कडू तुंबा, धातूच्या नळीसकट,
मग औषधांच्या दुकानाचं कॅलेंडर पालथं घालून
पेन्सिल उचलली. म्हणाल्या,
यंत्राचं तू बघ. मला शब्द सांग.

बफर म्हणजे, मी सुरुवात केली,
पुढचं चित्र थोडं आधीच आणून ठेवायचं...
थर्मास, त्या म्हणाल्या, काखेतला थर्मास हलवून.
किटली आत शेगडीवर, घोट इथे अंगणात.
थर्मास आटला की तुमचा तो गोल फिरत बसतो.

बँडविड्थ?
किती तारा मोकळ्या, तेच ना?
एकतीस वर्षं टेलिफोनच्या कचेरीत काढलीत, पोरा.
नाताळच्या रात्री एका तारेवर
अख्खं गाव चढलेलं पाहिलंय मी.

फोर-के मी जरा तोऱ्यात सांगितलं.
त्यांनी लिहिलंच नाही.
बातम्या देणारीच्या नाकावरची छिद्रं मोजून
मला काय करायचंय?

बिटरेट मात्र आवडला.
नेट आखडलं की चित्र धूसर होतं,
पण थांबत नाही.
त्यांनी उजवा डोळा मिटला, डाव्याने खिडकीकडे पाहिलं,
आणि लिहिलं: माझ्यासारखं.

त्या संध्याकाळी पॅराग्वेशी सामना.
पडद्यावर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात,
कुणाच्या पायात जाणार तेही ठरलेलं नाही,
आणि भिंतीपलीकडून वॉशिंग्टन ओरडला, गोल!
(हो, वॉशिंग्टन. आमच्याकडे ठेवतात अशी नावं.)
त्याच्या छपरावर जुनाच अँटेना, वाकडा, गंजका.
त्याला सगळं आधी कळतं.
मी घड्याळ लावलं. अडतीस सेकंद.
आमचा चेंडू जाळ्यात शिरेपर्यंत
त्याचा आनंद ओसरूनही गेला होता.

कॅशे पुसला. बॉक्स बंद करून चालू केला.
वाय-फाय सोडून सरळ वायर जोडली.
अडतीसचे छत्तीस झाले, त्याखाली हटेना.
तसाही त्या दोघांत छत्तीसचाच आकडा,
लिंबाच्या एका फांदीवरून, सात वर्षं.

याला लेटन्सी म्हणतात, मी म्हणालो,
जणू माझीच चूक असल्यासारखा.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
स्टॉकहोमचे कॉल असेच यायचे, म्हणाल्या.
पोरं परागंदा, आया इथे काचेच्या खोलीत.
आई हॅलो म्हणे, तोही नेमका तेव्हाच हॅलो,
दोघांचे शब्द एकमेकांवर आदळत,
मग दोघेही गप्प,
आणि मिनिटामिनिटाला पैसे.
मी मध्ये बोलायचे. नियमात नव्हतं.
सेन्योरा, बोला, मग मनात तीन आकडे मोजा.
तो तिथेच आहे. आवाज यायचाय अजून.

लेटन्सी, त्यांनी लिहिलं. पुढे एकच शब्द: मोजा.
मग मध्यंतरात उठून भिंतीपाशी गेल्या,
टाचा उंचावून काहीतरी म्हणाल्या पलीकडे.
मला ऐकू आलं नाही.

उत्तरार्धात मी शिडीवर, वायरला खिळे ठोकत.
तिथून दोन्ही अंगणं दिसत होती.
वॉशिंग्टन ताडकन खुर्चीतून उठला.
एक हात तोंडावर घट्ट,
दुसऱ्या हाताची बोटं मिटत, उघडत, मिटत.
कुत्रं भुंकायच्या बेतात होतं,
त्यालाही त्याने डोळ्यांनीच दटावलं.
इकडे दोन्या नेलिदा
थर्मासचं झाकण हातात धरून
थ्रो-इन कुणाचा म्हणून पंचावर चिडलेल्या.

चोवीस. पंचवीस.
माझ्या तोंडात दोन खिळे होते.
मीही मोजत होतो.