रिकामा रकाना

चौदा नंबरचा माग
नऊ दिवस शून्य विणत होता.
पडद्यावर तसं स्वच्छ दिसत होतं.
मालकांनी हैदराबादहून मोबाइलवर पाहिलं
आणि निरोप धाडला:
माग भंगारात काढा,
राजमौलीला दुसरीकडे लावा.
दुसरीकडे म्हणजे कुठे, ते काही सांगितलं नाही.

माझं काम आकड्यांचं.
अक्कलकोट रोडची एमआयडीसी, वर तापलेला पत्रा,
कूलरसमोर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरमागे मी.
गार वाऱ्याचा पहिला मान त्याचा.
कीबोर्डच्या फटींत रुईची पिंज बसते,
संध्याकाळी ब्रशनं झाडते,
सकाळी पुन्हा तेवढीच.

दुपारी घडी खात्याचा कागद आला.
पद्मावती चिट्याल. सही तेलुगूत, आकडे मराठीत.
बेरीज केली. पुन्हा केली.
विणल्यापेक्षा घडी घातलेले टॉवेल
बाराशे सहा जास्त.

म्हणजे बाराशे सहा टॉवेल
कुणी न विणताच झाले,
न विणताच कापले, शिवले,
चार घड्या पडून गाठोड्यात जाऊन बसले.
खाली गेले. एकाला हात लावला.
फिरोजी, काठाला पांढरी पट्टी.
नसलेल्या टॉवेलाला एवढं वजन?

मागांच्या त्या आवाजात सगळे ओठ वाचतात.
राजमौलीनं बोटानंच दाखवलं,
मोजणीच्या डबीची वायर
उंदरानं कुरतडलेली, वर रुईची टोपी.
जॉबरला सांगितलं होतं, म्हणाला.
जॉबरनं सुपरवायझरला.
सुपरवायझर लग्नाला कर्नाटकात.
मग रोज काय लिहीत होतात?
काहीच नाही, मॅडम. डबीच बंद, तर काय लिहायचं?

मग शून्य आलं कुठून?

आठवलं. जिना चढताना, चौथ्या पायरीवर.
दिवाळीच्या सुट्टीआधी मीच बसवलेला नियम:
रकाना रिकामा दिसला की शून्य भर.
आलेखाची रेघ मध्येच तुटायची,
आणि तुटली की मालक फोन करायचे.

पद्मावतीला सांगितलं तर ती हसली,
हसताना दातात धरलेला दोरा तुटला.
"सुन्ना कादु," म्हणाली, "रायलेदु."
शून्य नव्हे गं. लिहिलेलं नाही.
पोटापुरती तेलुगू येते मला,
पण एवढा फरक मला पगारात शिकवला नव्हता कुणी.

तो नियम काढून टाकला.
आता एखादा माग पाळीभर गप्प राहिला
की पडद्यावर लाल होतो, जॉबरचा फोन वाजतो,
आणि रोज सहाला विणलेलं नि घडी घातलेलं
समोरासमोर उभं करते, भांडू देते.
मालकांचा फोन आला,
"रेघेत हे भोक कसलं?"
"भोकच आहे," म्हटलं.
पलीकडे बराच वेळ नुसता टीव्हीचा आवाज.

राजमौलीची नऊ दिवसांची मजुरी
घडी खात्याच्या कागदावरून काढली.
त्यातले चाळीस टॉवेल आपले, असं तेरा नंबरवाला म्हणतो.
अजून मिटलेलं नाही.

काल उशिरापर्यंत बसून
दिवाळीपासूनची सगळी शून्यं मागे मागे पाहत गेले.
कुठलं खरं, कुठलं मी भरलेलं,
आता ओळखता येत नाही. सगळी सारखीच गोल.
कांडी खात्यातली अनसूया येलगट्टी
फेब्रुवारीत काम सोडून गेली होती,
मजुरी जुळत नाही म्हणत.
आम्ही म्हटलं होतं, हिशेब कॉम्प्युटरचा आहे, बाई.
तिच्या नावापुढे सहा शून्यं.

तिचा फोन नंबर शोधला.
त्या रकान्यातही
माझंच शून्य.